पार्किंगमध्ये किट विमान बांधायचं असेल तर आधी शेपूट

प्रश्न कोल्हापुरातल्या नागाळा पार्कमधल्या एका गृहस्थांचा आहे. शिरोली एमआयडीसीत त्यांचं सीएनसी मशिनिंगचं छोटं युनिट आहे, वय अडतीस. घराखालची पार्किंगची जागा मोकळी आहे. दोन सीटचं, पूर्ण धातूचं विमान किट स्वरूपात मागवून ते घरीच बांधायचं त्यांनी मनावर घेतलंय. त्यांनी विचारलंय ते असं: किट कुठलं घ्यावं, सगळं एकदम मागवलं तर जहाजाचं भाडं वाचेल का, किती वर्षं लागतील, आणि दहा वर्षांच्या मुलीला या कामात घेता येईल का.

नमस्कार. कुठल्या अनुभवावर बोलतोय ते आधी सांगतो. माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबईच्या हँगरमध्ये विमानाच्या पत्र्याच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर अमेरिकेत पुतण्याकडे राहिलो तेव्हा त्याच्या आरव्ही-९ए या किट विमानाच्या बांधणीत शेपटीपासून कॅनॉपीपर्यंत हात लावला. आता गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांचं, काम शिकवतो. त्यामुळे खालचं सगळं धातूच्या, रिव्हेट मारून जोडायच्या विमानांना लागू आहे. लाकडाची, कापडाची, फायबरची विमानंही लोक घरी बांधतात, पण त्या कामात माझा हात बसलेला नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नांमागे मला एकच प्रश्न दिसतो: खोकी दारात येऊन पडण्याआधी, हे काम आपल्या हातून तडीस जाईल की नाही हे कसं ओळखायचं? अर्धवट राहिलेली किट विमानं ठिकठिकाणी गॅरेजांत पडून असतात. मी पाहिलेल्या अशा मालकांपैकी बहुतेकांचा हात चांगला होता. पण विमान निवडण्यात त्यांचं वर्ष गेलं, पैसे एका दमात भरले गेले, आणि कामाची जात काय आहे हे खोकी उघडल्यावर कळलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सगळं किट मागवू नका. फक्त शेपटीचं मागवा, आणि त्यातलाही रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा हलता भाग, आधी बांधा. पुढचे पैसे भरायचे की नाही हे तो रडर टेबलावर पुरा झाल्यावर ठरवा.

शेपटीच का, तर त्या एवढ्याशा भागात सगळ्या विमानाचं काम आलेलं असतं. स्पार म्हणजे लांबीतला मुख्य आधार आहे, रिब म्हणजे आडव्या फासळ्या आहेत, वरची स्किन म्हणजे पत्र्याचं आवरण आहे, बिजागऱ्या आहेत, मागची निमुळती कड सरळ ठेवायची कसरत आहे. पंखात हेच सगळं लांबी वाढवून पुन्हा येतं. रडर जेवणाच्या टेबलावर मावतो, एखादा पत्रा बिघडला तर तेवढाच पुन्हा मागवता येतो, आणि काम नको वाटलं तर नुकसान सोसण्याइतकं राहतं. किट विकणाऱ्यांनाही हे माहीत आहे. अमेरिकेत मिसूरी राज्यात मेक्सिको नावाच्या गावी झेनिथ कंपनीचा कारखाना आहे. तिथे दोन दिवसांची कार्यशाळा असते आणि येणारा माणूस आपल्या विमानाचा रडर स्वतः बांधून घरी घेऊन जातो. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. त्यांची जुनी चालत आलेली वाटही शेपूट, पंख, धड, मग शेवटची जोडणी अशीच आहे.

पण रडरच्याही आधी कागद. परदेशी व्हिडिओ बघून हा भाग सोपा वाटतो, कारण तिकडे वाट मळलेली आहे. अमेरिकेच्या नियमात विमानाचा मोठा भाग, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम, हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा छंदासाठी स्वतः केलेलं असावं लागतं. लोक त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. तपासणीला माणसं मिळतात, तंटा झाला तर विचारायला १९५३ पासून चालत आलेली ईएए ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना आहे. आपल्याकडे नोंदणी, उडण्याचा परवाना, तपासणी सगळं डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हातात, आणि घरी बांधलेली विमानं इतकी थोडी की प्रत्येक प्रकरण वेगळं हाताळलं जातं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, ते २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. ते विमान त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचं होतं. जगभर उडालेल्या किटची गोष्ट थोडी वेगळी ठरू शकते, पण नोंदणी आणि परवानगी यात किती काळ जाऊ शकतो याचा अंदाज त्यावरून घ्या.

त्यामुळे रडरचं किट मागवण्याआधी डीजीसीएला लेखी विचारा. मोघम विचारू नका. किटचं नाव आणि मॉडेल, कमाल वजन, इंजिन, कोण बांधणार, कुठे बांधणार, कुठल्या टप्प्यावर कोणाकडून तपासून घेणार, पहिलं उड्डाण कुठल्या धावपट्टीवर करायचा विचार आहे, हे सगळं त्या पत्रात असू द्या. वजन महत्त्वाचं, कारण त्यावर विमान कुठल्या वर्गात पडतं ते ठरतं. आरव्ही-१२ चं कमाल वजन ६०० किलो आहे, ते अमेरिकेतल्या हलक्या विमानांच्या तेव्हाच्या मर्यादेला धरून. आपल्याकडची मायक्रोलाइटची व्याख्या त्याहून हलक्या विमानांची आहे, म्हणजे तिकडचा वर्ग इकडे जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. आणखी एक गोष्ट. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. इंटरनेटवर सापडणारा सल्ला त्याआधीचा असेल तर सध्याच्या नियमाशी ताडून बघा. उत्तर यायला वेळ लागेल. तो वेळ वाया जात नाही, त्या काळात करण्यासारखं बरंच आहे.

त्यातलं पहिलं म्हणजे तुमची वैद्यकीय तपासणी. प्रश्नात लायसन्सचा उल्लेख नाही, म्हणून गृहीत धरतो की अजून काढलेलं नाही. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला क्लास-२ वैद्यकीय दाखला लागतो आणि किमान ४० तास उड्डाण. दृष्टी, रक्तदाब, साखर यात काही निघालं तर ते आज कळलेलं बरं. बारामती, कराड ही गावं आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहेत, तिथे शिकाऊ विमानं उडतात. एकदा जाऊन शिक्षकाशेजारी बसून या. काही जणांना तिथे कळतं की आपल्याला उडायचंय, बांधायचं नाही. त्यांनी बांधकामाच्या वाटेला जाऊ नये, तेवढ्या पैशात भरपूर तास उडता येईल. बांधणं हेच ज्याला गोड वाटतं, रविवारी सकाळी पत्र्याची कड घासत बसण्यात ज्याचा जीव रमतो, त्याचंच किट पुरं झालेलं मी पाहिलंय.

आता जागा, आणि इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण नागाळा पार्क आणि तळमजल्याचं पार्किंग हे शब्द वाचल्यावर मला पहिल्यांदा पंचगंगा आठवली. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्या गावात पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. त्या दोन्ही वर्षी तुमच्या पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि भिंतीवर खूण करा. पुराच्या पाण्यात बुडालेला पंख धुऊन पुसून परत वापरता येत नाही. गाळ दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरतो, तिथे ओल धरून राहते आणि आतून गंज सुरू होतो. बाहेरून पंख चकचकीतच दिसतो. असा पंख मी उडायला देणार नाही. तुमच्याकडे खूण कमरेपर्यंत असेल तर शेपटीचं काम वरच्या मजल्यावरच्या खोलीत करा आणि पंखांसाठी उंचावरची दुसरी जागा बघा. पाणी आलंच नव्हतं असं कळलं तरी पंख ठेवायची घोडी चाकांची करा.

जागा म्हटल्यावर तुमच्या मनात शिरोलीचं शेडही आलं असेल. ते टाळा, निदान त्याच खोलीत तरी काम करू नका. शेजारी फाउंड्री, ग्राइंडर, लोखंडाची बारीक पूड हवेत. ही पूड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसली आणि वरून हात फिरला की ती पत्र्यात रुतते, आणि पावसाळ्यात तिथेच टाचणीच्या टोकाएवढे डाग उठतात. ज्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं लोखंड घासलंय तो अ‍ॅल्युमिनियमला लावायचा नाही, हा हँगरमधला पहिला नियम असतो. तसाच दुसरा नियम: पत्र्यावर शिसपेन्सिलनं खूण करायची नाही. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ओल्या हवेत अ‍ॅल्युमिनियम खातं. स्क्रायबरनं ओढलेली रेघ तर आणखी वाईट, कारण पुढे तिथूनच तडा जातो. बारीक टोकाचा मार्कर वापरा, तो स्पिरिटनं पुसला जातो.

मोजमाप असं धरा. आरव्ही-९ चे दोन्ही पंख मिळून २८ फूट लांबी भरते. पण पंख वेगवेगळे बांधले जातात, एकेक साधारण चार मीटरचा. म्हणून एका गाडीच्या पार्किंगमध्ये शेपूट आणि पंख होतात. धड सुरू झालं की दोन गाड्यांची जागा लागते. पंख धडाला शेवटी विमानतळावरच लागतात, घरी नाही. धड घराबाहेर काढायचा रस्ता मात्र आत्ताच मोजा: शटरची रुंदी, गेट, वळण, विजेच्या तारा. कोपऱ्यावरचं एक वळण टेंपोला बसत नसेल तर ते आज कळायला हवं.

आता मूळ काम. तुम्ही मशिनिंगवाले आहात, नकाशा वाचता येतो, मोजमापाची शिस्त आहे. या गोष्टी मोठ्या उपयोगाच्या. आजची किट कारखान्यात पंच केलेल्या भोकांसकट येतात, एका पत्र्याचं भोक दुसऱ्याच्या भोकावर बसलं की आकार आपोआप सरळ येतो, वेगळं जिग, म्हणजे भाग जागेवर धरणारा साचा, बहुतेक लागत नाही. पण तुमच्या हाताला जी सवय आहे ती इथे थोडी मोडावी लागेल. तुमचा जॉब जाड असतो, इथला पत्रा अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा. जोर नको, हात हलका हवा.

एक रिव्हेट सुरुवातीपासून सांगतो म्हणजे कामाची जात कळेल. समजा ३/३२ इंचाचा रिव्हेट आहे. दोन पत्रे एकावर एक ठेवून क्लेकोनं धरायचे, ही चंदेरी रंगाची स्प्रिंगची चाप असते. १/८ इंचासाठीची तांब्याच्या रंगाची. चाळीस नंबरच्या ड्रिलनं भोक पुरं करायचं. पत्रे पुन्हा सुटे करायचे आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धारदार कड, काढायची. बोटांत धरून फिरवायचं साधं हत्यार पुरतं, दोन हलके फेरे. पोरं इथे पाच-सहा फेरे मारतात, भोकाला काउंटरसिंकसारखी उतरण पडते आणि पत्रा कमजोर होतो. बोट फिरवून काहीही टोचत नाही आणि डोळ्यांना उतरणही दिसत नाही, तिथे थांबायचं. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा असेल तर भोकाला १०० अंशांचा डिंपल, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसेल असा खळगा, द्यायचा. मग प्रायमर, पुन्हा क्लेको, आणि त्यानंतर कुठे रिव्हेट.

रिव्हेट गन मी साधारण ३५ ते ४० पीएसआयवर सुरू करतो आणि टाकाऊ पत्र्यावर मारून दाब ठरवतो. एका बाजूनं गन, दुसऱ्या बाजूनं लोखंडी बार. बार धरणाऱ्याचा हात जास्त महत्त्वाचा. तो तिरका झाला की रिव्हेट आडवा पडतो. आवाज सलग, एकसारखा आला पाहिजे. मध्ये खडखडला तर बार उडालाय असं समजायचं. पाठीमागे तयार झालेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे या मापाला सुमारे ३.६ मिलिमीटर आणि १.२ मिलिमीटर. त्यासाठी छोटा गेज मिळतो, तुम्ही तर तो मशीनवर स्वतःच काढाल. आणि रिव्हेट किंचित कमी बसला तर लगेच काढायला धावू नका. ड्रिल करून काढताना भोक मोठं झालं तर जागा आधीपेक्षा बिघडते. किटच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत असेल तर राहू द्यायचा. मर्यादेबाहेर असेल तर ड्रिल फक्त डोक्यापुरतं चालवायचं, डोकं पंचानं उडवायचं आणि दांडा मागून हलकेच ठोकून काढायचा.

पत्र्याच्या कडेपासून भोकाचं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट. बोल्टही असेच जपून. विमानातला सगळ्यात लहान नेहमीचा बोल्ट, एएन-३, तो २० ते २५ इंच-पाउंडला आवळतात, म्हणजे अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास. युनिटमध्ये आपला हात पान्याला जेवढा जोर सहज लावतो त्याच्या तुलनेत हे काहीच नाही, म्हणून लहान टॉर्क पाना पहिल्याच खरेदीत घ्या. आणि बोल्ट हरवला तर बाजारातून त्याच मापाचा आणून लावायचा नाही, कितीही चांगल्या प्रतीचा दिसला तरी. विमानाच्या बोल्टला दाखला असतो, तो कुठल्या धातूचा आणि किती ताण सोसणारा हे लिहिलेलं असतं. बाजारातल्या बोल्टबद्दल आपण फक्त दुकानदाराचा शब्द धरतो.

याच कामावरून किटची निवड करायची. वर सांगितलेल्या ठोकायच्या रिव्हेटला बहुतेक ठिकाणी दोन माणसं लागतात आणि गनचा आवाज गल्लीभर जातो. रात्री दहाला जेवून काम करणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांसाठी तरी हे परवडत नाही. आरव्ही-१२ आणि झेनिथची सीएच मालिका यांत बहुतेक रिव्हेट एका बाजूनं ओढायचे असतात, एकटा माणूस शांतपणे करू शकतो. व्हॅन्स कंपनी आरव्ही-१२ ला ७०० ते ९०० तास धरते, ठोकायच्या रिव्हेटच्या आरव्ही-७ किंवा ९ ला त्याच्या दुपटीच्या आसपास. आठवड्याला आठ तास म्हटले तर वर्षाला सुमारे ४०० तास होतात. म्हणजे पहिल्या जातीला दोन-सव्वादोन वर्षं, दुसरीला चार-पाच. गणपती, दिवाळी, युनिटमधली मोठी ऑर्डर धरून त्यात आणखी वाढ करा. तुमच्याबरोबर ठरलेला एक जोडीदार असेल आणि दिवसा काम करता येत असेल तर मी आरव्ही-९ सुचवीन. ते विमान हाताला शांत आहे आणि बांधताना माणूस पत्र्याचं काम पुरं शिकतो. एकटे असाल, रात्रीच वेळ मिळणार असेल, तर आरव्ही-१२ किंवा झेनिथ. तुमचा प्रश्न वाचून मला दुसरी शक्यता जास्त दिसते.

सगळं एकदम मागवून भाडं वाचेल का? वाचेल, हे खरं आहे. न्हावा शेव्याला एकदाच माल सोडवायचा, एकदाच क्लिअरिंग एजंटला पैसे. (एजंट शोधायला लांब जाऊ नका, शिरोली-गोकुळ शिरगावचे कास्टिंग निर्यात करणारे रोज हेच करतात.) तरी मी नको म्हणतो. खोकी आल्यावर प्रत्येक पिशवीतला प्रत्येक भाग यादीशी ताडून कमी असेल ते ठरावीक मुदतीत कळवावं लागतं. चार खोक्यांची अशी मोजणी दमवते आणि घाईत होते. पत्र्यांवर निळी प्लास्टिकची फिल्म असते, तिच्याखाली कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल धरली की पांढरे डाग पडतात, म्हणून महिनोन् महिने पडून राहणार असेल तर फिल्म काढून ठेवावी लागते. इंजिन आणि पॅनेलवरची उपकरणं तर अगदी शेवटी घ्या. इंजिनाची वॉरंटी खोक्यातच संपते आणि उपकरणांची नवी पिढी दरम्यान येऊन जाते. पैशाचाही विचार करा. पत्र्याचं किट म्हणजे एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा, फार तर निम्मा. बाकी इंजिन, प्रोपेलर, उपकरणं, रंग, हत्यारं आणि आयात यात जातात. किटच्या किमतीवरून हिशेब मांडणारा माणूस इंजिनापाशी अडतो.

इंजिनावरून एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही. या हलक्या विमानांत बहुधा रोटॅक्स ९१२ असतं आणि ते साध्या पेट्रोलवर चालतं म्हणून लोकांना आवडतं. पण रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. गाडीत चालतं ते विमानात चालेल असं धरू नका. रबरी नळ्या, सील, गरम हवेत इंधनाची वाफ होणं, सगळ्याचा प्रश्न आहे. एव्हीगॅस १०० एलएल, म्हणजे विमानासाठीचं शिसंयुक्त पेट्रोल, हा पर्याय आहे, इंडियन ऑईल तो २०२२ पासून देशात बनवतं, पण तो कुठे आणि किती मिळेल हे आधी बघावं लागेल. शिवाय त्यातल्या शिशामुळे रोटॅक्सचं ऑईल लवकर बदलावं लागतं. तुम्ही इंजिन घ्याल तोवर चित्र बदलू शकतं, तेव्हा पुन्हा चौकशी करा.

वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, किती तास, कुठला भाग, कोण मदतीला, प्रत्येक टप्प्याचे फोटो, आणि त्यांतल्या काही फोटोंत तुम्ही स्वतः काम करताना दिसला पाहिजे. बंद होणारा प्रत्येक कप्पा बंद करण्याआधी आतून फोटो. पुढे तपासणारा अधिकारी बंद पंखाच्या आत बघू शकत नाही, त्याला ही वहीच दाखवायची. आणि दुसरे डोळे मिळवा. आपल्या जिल्ह्यात हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ गावोगावी आहेत, एअरलाइनमधून परतलेले एएमई, म्हणजे विमान देखभालीचे इंजिनिअर, आहेत. त्यांतल्या पत्र्याचं काम केलेल्या एकाला कप्पा बंद करण्याआधी दर वेळी बोलवा. माणूस आपल्याच कामाकडे रोज बघून आंधळा होतो, मग तो कितीही जुना कारागीर असो.

तर क्रम असा लागला: डीजीसीएला पत्र, क्लास-२ तपासणी, पार्किंगमधली पुराची खूण, टाकाऊ पत्र्यावर सराव, रडर, बाकीची शेपूट. त्यापुढचं सगळं डीजीसीएच्या उत्तरावर आणि तुमच्या रडरवर. सरावासाठी माझ्या शेडमध्ये कुठल्याही शनिवारी या, टाकाऊ पत्रे आणि क्लेको तिथे आहेत.

आणि मुलगी. तिला जरूर घ्या. दहा वर्षांच्या पोरांची बोटं लहान असतात, क्लेको लावणं-काढणं ती मोठ्यांपेक्षा पटापट करतात, आणि बर काढलेल्या भोकावरून बोट फिरवून टोचतंय का ते सांगण्यात तर त्यांचा हात कोणी धरणार नाही. पिशव्यांतले रिव्हेट लांबीप्रमाणे डब्यांत लावायचं कामही तिचंच. शेडमध्ये माझ्याकडे पोरं असतात तेव्हा तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. गन चालू असताना तिच्या कानांवर मफ हवेत आणि डोळ्यांवर चष्मा, ड्रिल चालू असताना केस बांधलेले हवेत, आणि प्रायमर मारायच्या दिवशी ती त्या मजल्यावर नको. विमानाच्या प्रायमरमध्ये बऱ्याचदा क्रोमेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे, तुम्हालाही नीट मास्क लागेल. वहीतला एक रकाना तिच्या नावाचा ठेवा. मदत कोणी केली हे तिथे लिहायचंच असतं.